एक ओ कमी

"पण मग दीक्षा आज का नाही, बुवा?"

श्रीनंद हे त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारत होता. चैत्राचा वारा असा सुटला होता की तोंडातला शब्द तोंडातच राही. काळ्या, धारदार खडकांवरून म्हातारे गोसावीबुवा अनवाणी पुढे, आणि कॉलेज सोडून महिन्याभरापूर्वी त्यांच्या मठीत आलेला श्रीनंद चपला सावरत मागे.

"घर सोडलं. आईच्या पत्रांना उत्तरही देत नाही. माझी वाट बघणारं आता कुणी नाही. आणखी काय सोडू?"

बुवा चालत राहिले...

ओहोटीच्या खडकांवर सात-आठ बायका वाकून कालवं फोडत होत्या. थोरली द्वारकाबाई कंबर सरळ करत म्हणाली, "बुवा, ह्यो नवो कोण? मुको आसा काय?"

श्रीनंदने तिकडे पाहिलंही नाही.

खडकांचं समुद्रात शिरलेलं टोक वळून दोघे पलीकडे गेले. बऱ्याच वेळाने मागून द्वारकाबाईची लांब हाक आली. मग एकामागून एक बायकांची ओ.

बुवांनीही तोंडाशी हात नेऊन ओ दिली. "आता तू."

"मी कुठे कालवं काढतोय?"

"खडकावर आहेस."

"बुवा, मी मोक्षाचं विचारतोय आणि तुम्ही..."

पुन्हा हाक. श्रीनंद बोलतच राहिला. पुढच्या हाकेला त्याने वैतागून उपरणं कानावर ओढलं.

बुवा तडक मागे फिरले आणि टोकावरच्या उंच खडकावर चढले. श्रीनंद धापा टाकत मागोमाग आला. त्याने खाली पाहिलं.

भरती चढली होती. बायका मांडीभर पाण्यात, एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या. एक टोपली लाटांवर दूर चालली होती. किनारा वीस पावलांवर होता, पण एकही हलत नव्हती. सगळ्यांच्या नजरा टोकाखालच्या फेसात कुणालातरी शोधत होत्या.

"जात का नाहीत त्या?"

"भरतीच्या हाकेला खडकावरच्या प्रत्येकाने आपली ओ द्यायची. दुसऱ्याने दिलेली चालत नाही. एक कमी पडली तर कुणी निघत नाही."

"पण... मी त्यांचा कोण?"

लाट बायकांच्या छातीपर्यंत उसळली. द्वारकाबाई फेसातून वर आली आणि पुन्हा हाक मारू लागली.

श्रीनंदने बुवांचे पाय धरले.

"बुवा, मी... मला क्षमा..."

बुवांनी पाय सोडवून घेतले.

"ते नंतर. आधी ओ दे."