त्र्यंबकबुवांची पाठ

“...पण महाराज, जो देह उद्या मातीतच जाणार, त्याला आज तेल कशाला चोपडायचं?”

विश्वंभरने विचारलं आणि हात मागे घेतला. तिळाच्या तेलाची वाटी उन्हात जराशी कोमट करून सहजगिरी महाराजांनी त्याच्यापुढे धरली होती.

“थंडी आहे,” महाराज म्हणाले. “वारंही कोरडं. अंग उललंय तुझं.”

“उलू दे.”

“दुखत असेल.”

“दुखू दे, महाराज. तेवढेच देहाचे लाड कमी.”

महाराजांनी वाटी खाली ठेवली. 

मेळघाटातल्या त्या मठात पौषाचं वारं सुटलं की भिंतींचेसुद्धा पोपडे निघत. माणसाच्या कातडीची काय कथा! विश्वंभरची मठातली ही पहिलीच थंडी. देहाला जिंकायचं, या एका ईर्ष्येनं तो घरदार सोडून आला होता. रोज पहाटे ओढ्याच्या गार पाण्यात बुडी मारायची आणि वर तसंच उघड्या अंगानं वाऱ्यात बसायचं. नडग्यांवर पांढरी खवलं धरली होती. ओठ फुटले होते, तळहातांना चिरा पडल्या होत्या. टाचांच्या भेगांतून कधीकधी रक्त येई.

दर्शनाला येणारी माणसं त्या टाचा बघून हात जोडत. विश्वंभर मान खाली घाली... पाय मात्र आत ओढून घेत नसे.

“बरं,” जरा वेळानं महाराज म्हणाले. “माझं मनगट आज धरलंय. त्र्यंबकबुवांचं अंग तू पुसशील?”

विश्वंभर लगबगीनं उठला. त्र्यंबकबुवा म्हणजे महाराजांचे गुरुबंधू. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली होती. त्याआधी, विश्वंभर मठात नवा असताना, आईच्या आठवणीनं त्याच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा याच बुवांनी त्याला जवळ बसवून भरवलं होतं. महाराजांना तो भीत असे. बुवांवर त्याचा जीव होता.

त्यानं वाफाळतं पाणी आणलं.

“गार पाणी घाल त्यात,” महाराज म्हणाले. “कढत पाण्यानं कातडी आणखी सुकते.”

तेलाची वाटी महाराजांनी बुवांच्या अंथरुणाशी आणून ठेवली आणि ते उशाशी बसले.

विश्वंभरने बुवांना हळूच कुशीवर वळवलं. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. ओला पंचा पाठीवरून फिरवताना त्याचे धागे विश्वंभरच्या तळहाताच्या चिरांत अडकू लागले. त्यानं पंचा बाजूला ठेवला, ओंजळीत पाणी घेतलं आणि नुसत्या हातानं पाठ धुऊ लागला.

बुवांची पाठ शहारली.

“महाराज, पाणी अजून गरम आहे का?”

महाराजांनी बोट बुडवून पाहिलं. “नाही.”

विश्वंभरने हात आणखी हलका केला. पाठ पुन्हा आक्रसली. या वेळी तिच्यावर एक बारीक तांबडा ओरखडा उमटला. बुवांना ओरडता येत नव्हतं. डोळ्याच्या कडेला नुसतं पाणी साचलं.

विश्वंभरने स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला.

“हे... माझ्या हातानं झालं?”

त्यानं पाण्याचं भांडं मागे सरकवलं.

“मी नाही पुसत, महाराज. तुम्हीच कुणाला तरी...”

तो उठू लागला. पण बुवांनी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं, ओढून त्याला खाली बसवलं. मग त्याच एका चालत्या हातानं त्यांनी चाचपडत वाटी शोधली, बोटं तेलात बुडवली आणि विश्वंभरच्या तळहातावर ठेवली. एकेका चिरेवरून बोट फिरू लागलं. सावकाश... लहान मुलाला न्हाऊ घालताना फिरतं तसं.

चिरा चुरचुरल्या. ओढ्याच्या बर्फासारख्या पाण्यातही न थरथरलेले विश्वंभरचे ओठ आता थरथरायला लागले. त्यानं हात काढून घेतला नाही.

बाहेर वारं घोंघावत होतं...

बऱ्याच वेळानं त्यानं दोन्ही तळवे तेलानं माखले, बुवांची पाठ पुन्हा पाण्यानं भिजवली आणि भीतभीत हात टेकवला.

“जोर नको,” महाराज म्हणाले. “ओल आहे तोवर नुसतं पसरव.”

पाठ शहारली नाही. बुवांनी डोळे मिटले. श्वास संथ झाला.

विश्वंभर स्वतःच्या तेलकट तळव्यांकडे बघत राहिला.

“महाराज... ‘तू देह नाहीस’, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?”

“शिकवलं.”

“मग?”

महाराजांनी बुवांच्या अंगावर घोंगडी ओढली, कडा नीट खोचल्या.

“देह तुझा आहे, असं कधी शिकवलं?”