कळ लावलेली बंदूक

एकदा एका लाकूडव्यापाऱ्याने लिलावात जुनी जर्मन बंदूक घेतली. वर दोन नळ्या छऱ्यांच्या, खाली एक गोळीची. तपासणीसाठी ती एका वृद्ध कारागिराकडे आली आणि त्याने ती शिष्याच्या हाती दिली. शिष्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम; त्याने ते जीव ओतून केले.

न्यायला आलेला व्यापारी कुरकुरला, "गोळीच्या नळीची स्प्रिंग ताणायला दर वेळी ही वेगळी पट्टी पुढं सरकवायची? सावज काय थांबणार आहे? मी सकाळीच सरकवून ठेवतो."

"खुशाल ठेवा, शेठ," शिष्य म्हणाला. "सुरक्षेची कळ मी नवी बसवलीय. ती लावली की चाप हलत नाही."

"मग झालं. रानात धाकटा भाऊ माझ्यापुढं चालतो, म्हणून विचारलं."

दारू-गोळी काढलेले, नुसती ठिणगी पाडणारी टोपी उरलेले काडतूस वृद्धाने गोळीच्या नळीत घातले. पट्टी पुढे सरकवली, कळ लावली, नळीचे तोंड वाळूच्या पेटीकडे केले आणि दस्त्यावर लाकडी हातोडा हाणला. फट्कन टोपी उडाली. चापाला कोणाचे बोटही लागले नव्हते.

मग दुसरी टोपी घालून त्याने पट्टी मागेच ठेवली आणि तीन दणके दिले. बंदूक गप्प राहिली.

"कळ फक्त चापाला अडवते," वृद्ध म्हणाला. "आतली दाबलेली स्प्रिंग तांदळाएवढ्या दातावर थांबलेली असते. तो झिजला, की एका ठेचेनं सुटतो. आपण नवा करू, तोही झिजेल. बनवणाऱ्यानं हे ओळखूनच पट्टी दिली. सावज दिसल्यावर स्प्रिंग ताणायची, ते निघून गेलं की पट्टी मागं घेऊन सैल करायची. तुझी कळ उत्तम आहे, बाळा. तू तिच्या भरवशावर एक माणूस पुढं चालवत होतास, एवढंच चुकलं."

शिष्याची मान खाली गेली. त्याने त्या दिवशी बंदूक दिली नाही. आठ दिवसांनी नवा दात बसवून त्याने व्यापाऱ्याला निरोप धाडला, तो भावालाही घेऊन येण्याचा. पट्टी त्याने आधी त्या भावालाच दाखवली. "ही मागं आहे ना, ते बघायचं. मगच पुढं चालायचं."

भावाने वाकून, निरखून पाहिले आणि बंदूक घेतलेल्या व्यापाऱ्याच्या पुढे तो निर्धास्तपणे चालू लागला.

आपणही राग आला की ओठ मिटतो आणि स्वतःवर खूश होतो. आपल्यापुढे चालणाऱ्या घरच्या माणसाला मात्र आतली स्प्रिंग सैल झाली का, तेच पाहायचे असते.