रंगाखालचा नंबर

एका गावात हायस्कूलचं एक मैदान होतं आणि त्या मैदानाला एक माळी होता. माळ्याचं नाव केरबा भालेकर. लहानथोर सगळे त्याला आबा म्हणत. मैदान कागदोपत्री शाळेचं होतं, पण तिथल्या गवतावर हुकूम चालायचा तो आबांचा.

आबांच्या ताब्यात गवत कापायचं एक यंत्र होतं. लाल रंगाचं, चार चाकांचं, पेट्रोलवर चालणारं. दोरी ओढली की सुरू व्हायचं. बावीस वर्षं ते एकट्या आबांच्याच हातात होतं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. दर खंडेनवमीला आबा यंत्र धुऊनपुसून काढत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत आणि वरून लाल ऑइलपेंटचा एक हात मारत. हँडल, चाकांच्या टोप्या, इंजिन, इंजिनावरची कारखान्याची पाटी, काही म्हणता काही सोडत नसत. प्रेमच एवढं उतू जात होतं, त्याला कोण काय बोलणार?

इंजिन कुठलं असं कुणी विचारलं, तर आबा छाती पुढे काढून सांगत, "जपानी!" हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण बावीस वर्षं एकच गोष्ट सांगत राहिलं की ती आपल्याला खरीच वाटू लागते. तसं आबांचं झालं होतं.

त्या वर्षी शाळेच्या मुलींचा हॉकीचा संघ जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत पोहोचला. सामना शनिवारी आणि तोही गावच्याच मैदानावर ठरला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. अट एकच होती. शुक्रवारी दुपारी चार वाजता पंच येऊन मैदान बघणार. गवत वाढलेलं दिसलं, तर सामना तालुक्याला हलणार.

तालुका काही लांब नव्हता. पण संघातल्या चार मुलींच्या घरून निक्षून सांगितलं होतं, "पोरगी गावात खेळू दे, बाहेरगावी पाठवणार न्हाई." संघात राखीव खेळाडू होती फक्त एक. चौघी घरी बसल्या, तर संघच उभा राहणार नव्हता. मुली वर्षभर पहाटे उठून धावल्या होत्या. त्यांचं सगळं आता गवताच्या उंचीवर अडलं होतं.

पावसाळा सरत आला होता. गवत घोट्याला लागत होतं. सोमवारी सकाळी आबांनी यंत्र बाहेर काढलं, दोन फेऱ्या मारल्या आणि यंत्र बंद पडलं. आबांनी उघडून पाहिलं. कार्ब्युरेटर चिरला होता. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पुरवणारा भाग तोच. त्यातून पेट्रोल टपटप गळत होतं. दुखणं आबांनी बरोबर ओळखलं, हे मान्य करायला हवं.

त्यांनी जिल्ह्याच्या गावी सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. दुकान हसीना मोमीन नावाच्या बाईंचं होतं. त्यांनी विचारलं, "काका, इंजिनाच्या पाटीवरचा नंबर सांगा."

"नंबर कशाला पायजे? लाल जपानी मशीन म्हना, लहान पोरगं बी सांगंल."

"लाल रंगात दहा तऱ्हेची यंत्रं येतात, काका."

"तुमी पाठवा वो!"

मंगळवारी एसटीच्या पार्सलनं कार्ब्युरेटर आला. बोल्टची भोकंच जुळेनात. आबा दुकानवाल्या बाईंच्या नावानं खडे फोडू लागले. मुलींना हॉकी शिकवणाऱ्या घोरपडे बाई तिथंच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आबा, पाटीवरचा रंग खरवडून नंबर वाचू या का?"

आबा एकदम उसळले. "देवावरचा शेंदूर खरवडतासा का कधी, बाई?"

 आबांनी पेटीतून यंत्राचा जुना कागद शोधून काढला आणि त्यावरचा नंबर फोनवर ठणकावून सांगितला. हसीनाताई म्हणाल्या, "हा यंत्राचा नंबर झाला. इंजिनाचा वेगळा असतो. या नमुन्यात तीन प्रकारची इंजिनं बसवून येत होती."

"मग त्यातलं जपानी द्या की!"

बुधवारी दुसरा कार्ब्युरेटर आला. तोही बसेना. आता मात्र आबांची झोप उडाली. विळ्यानं गवत कापता आलं असतं, पण विळ्याच्या खुंटांवर चेंडू सरळ जात नाही. तालुक्याला असंच एक यंत्र होतं, पण तालुक्याला सामनाच हवा होता. ते कशाला यंत्र देतात?

गुरुवारी आबांनी चिरलेला जुना कार्ब्युरेटर फडक्यात बांधला आणि ते घोरपडे बाईंबरोबर पहिल्या गाडीनं जिल्ह्याच्या गावी गेले. नमुनाच समोर ठेवला की नंबराची कटकट मिटली, असं त्यांचं म्हणणं.

हसीनाताईंनी तो तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला, उजेडात धरला. मग भोकांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "काका, हा तर फवारणीच्या पंपाचा आहे. भोकं कानशीनं वाढवून बसवलाय."

आबा फडक्याची घडी घालू लागले.

"हा कारखान्यातूनच असा आला असेल, तर मी असलाच काढून देते. पण मागाहून कुणी बसवला असेल, तर हा नमुना काही कामाचा नाही. कोणी बसवला, ठाऊक आहे?"

आबांना ठाऊक होतं. पुरतं ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी मूळचा कार्ब्युरेटर त्यांच्याच हातून पडून फुटला होता. ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी भंगारातून एक उचलला, दोन दिवस कानस घासली, खाली पुठ्ठ्याचे दोन तुकडे घातले आणि शाळेत सांगितलं, "कंपनीचा बसवलाय." मुख्याध्यापकांनी शाबासकीही दिली होती. तेव्हापासून यंत्र धूर सोडत होतं आणि पेट्रोल जास्त पीत होतं. आबा म्हणत, वय झालं बिचाऱ्याचं.

आता काय करावं? "कंपनीचाच हाय," एवढं म्हटलं की झालं, शाळेत दहा वर्षं तेच सांगितलं होतं. पण तसलाच पुन्हा घेतला, तर कानस घासण्यात परत दोन दिवस जाणार, हेही आबांना कळत होतं. शेजारी घोरपडे बाई होत्या. खरं सांगितलं, तर उद्या ही गोष्ट शाळाभर होणार, पोरीसुद्धा हसणार.  आबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या हातात घडी केलेला एक कागद होता. त्यावर संघातल्या बाराही मुलींची नावं होती आणि चार नावांपुढे पालकांच्या सहीखाली लिहिलं होतं, 'फक्त गावात'.

"म्या बसवला," आबा म्हणाले. "कानस बी म्याच घासली. मूळचा माझ्या हातनं फुटला. आन् खरं सांगायचं तर, ताई, इंजिन जपानी हाय का कुठलं, ते बी मला ठावं न्हाई."

 हसीनाताई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता पाटी वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. यंत्राजवळ कोण आहे?"

बाईंनी शाळेत फोन लावला. संघाची कर्णधार वैजयंता फोन घेऊन यंत्रापाशी धावली. बाकीच्या मुली तिच्या मागून. इकडे दुकानाच्या काउंटरवर फोन ठेवून आवाज मोठा केला होता. आबा वाकून सांगू लागले, "रंगाच्या डब्याशेजारी थिनरची बाटली हाय. बोळा भिजव आन् पाटीवर फिरव. मग नाण्यानं खरवड."

बराच वेळ नुसतं खरवडणं ऐकू येत होतं.

"आबा, बाजूचा रंगपण निघतोय. ओरखडे पडतायत."

"पडू दे, पोरी."

मग एकेक अक्षर वर आलं. वैजयंतानं कारखान्याचं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं. गाव शेजारच्याच जिल्ह्यातलं निघालं. "आबा, ह्याच्यावर जपान कुठंच न्हाई!" ती म्हणाली आणि मागे अकरा जणी खुदकन हसल्या. आबांचे कान लाल झाले. पण ते फोनपासून हलले नाहीत.

"आता आकडे वाच," हसीनाताई म्हणाल्या. "आणि शेवटचं अक्षर विसरू नकोस. त्यावरूनच इंजिनाचा नेमका प्रकार कळतो."

वैजयंतानं पाच आकडे आणि एक अक्षर वाचलं. हसीनाताईंनी पुन्हा विचारून खात्री केली, जाड पुस्तकाची पानं उलटली आणि मागच्या फळीवरून एक लहानसा खोका काढला. वर धूळ होती. "सोमवारी नंबर सांगितला असता, तर मंगळवारीच तुमच्या हातात आला असता," त्या म्हणाल्या. आबांनी मान खाली घालून खोका घेतला.

शुक्रवारी दिवस उजाडताच आबांनी तो बसवायला घेतला. दोन बोल्ट, दोन भोकं. कानशीची गरज पडली नाही. दुसऱ्याच झटक्याला यंत्र सुरू झालं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यातून काळा धूर आला नाही. आबा जेवायलासुद्धा थांबले नाहीत. शेवटची पट्टी कापून झाली तेव्हा पावणेचार वाजले होते. पंच आले, त्यांनी मैदानाच्या मधोमध चेंडू ठेवला आणि काठीनं ढकलला. चेंडू सरळ गेला. पंचांनी वहीत सही केली.

शनिवारी गाव लोटलं. सामना सुरू होण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांनी आबांना पुढे बोलावलं, गळ्यात हार घातला आणि माईकवरून सांगितलं, "केरबाआबा होते म्हणून आज हा सामना इथं होतोय!"

टाळ्या पडल्या. आबांनी माईक मागून घेतला. 

"मंगळवार आन् बुधवार माझ्यामुळं गेला," ते म्हणाले. "माझ्या तोऱ्यामुळं. ठावं नसताना ठावं हाय म्हनत बसलो. आनखी एक दिस तसाच बसलो असतो, तर ह्यातल्या चार पोरी आज घरात असत्या. मला हार नगं." त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला.

  तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उठली. त्या चौघींपैकी एकीची ती आई. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, टेबलावरचा हार उचलला आणि आबांच्या हातात दिला.

"आबा, चुकलासा ते समद्यांसमोर सांगितलंसा," ती म्हणाली. "आता घ्या."

 आबांनी हार घेतला आणि उपरण्यानं डोळे पुसले. पंचांनी शिट्टी वाजवली आणि अकराच्या अकरा मुली मैदानात उतरल्या.

तात्पर्य: ठाऊक नसलेलं ठासून सांगणाऱ्याचा तोरा चार दिवस टिकतो, पण त्याचा भुर्दंड दुसऱ्यांना पडतो. म्हणून 'मला माहीत नाही' आणि 'चूक माझी' हे वेळ हातात आहे तोवरच म्हणावं.