श्रीपतीने अट पाळली

एका तालुक्याच्या गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव श्रीपती. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि पंचाईत तीच होती.

तो मालनताईंकडे नोकरीला होता. ताईंचे वडील तात्या म्हणजे पंचक्रोशीतले नामांकित आचारी. पत्रिका किती वाटल्या, लग्न कुठल्या महिन्यात, वऱ्हाड कुठून येणार, एवढं ऐकलं की किती पानं उठतील ते बसल्याजागी सांगायचे. त्यांच्या पंगतीत जिलबी कधी कमी पडली नाही, भात कधी उरला नाही. तात्या गेले, पण त्यांची ती युक्ती ताईंनी कोडमध्ये उतरवली होती. ते सॉफ्टवेअर ताई मंगल कार्यालयांना विकायच्या. युक्ती मात्र गुपित. शेजारच्या तालुक्यातला कवठेकर तिच्यावर डोळा ठेवून होता.

एकदा ताई म्हणाल्या, "श्रीपती, तारखा सांभाळायला कॅलेंडर हवंय. नेटवर लोक आपला कोड फुकट वापरायला देतात. त्यातलं एखादं घे. फक्त त्यांची अट पाळ."

श्रीपतीने फिनलंडच्या कुणा हेन्रिकचं कॅलेंडर घेतलं. हेन्रिकची अट साधी होती. माझं नाव राहू द्या, मग काय हवं ते करा. श्रीपतीने नाव राहू दिलं. प्रत्येक पानावर राहू दिलं.

पुढच्याच लग्नात जेवणाच्या यादीवर सगळ्यात वर छापून आलं, 'हेन्रिक'. वधूचे मामा पेटले. "हा हेन्रिक कोण? माझं नाव कुठं नाही आणि ह्याला पहिला मान?" वरपक्ष म्हणाला, आमच्यात नाही बुवा कोणी. वधूपक्ष म्हणाला, आमच्यातही नाही. तरी एक पाट त्याच्यासाठी शेवटपर्यंत रिकामा ठेवला होता.

"अरे, नाव सॉफ्टवेअरच्या माहितीच्या पानावर ठेवायचं," ताई म्हणाल्या. "तेवढं पुरतं."

"लक्षात ठेवतो, ताई."

आणि ठेवलं. मग शिधा मोजायला त्याने कटकच्या मोहंतीबाईंचा कोड घेतला, ताईंच्या कोडमध्ये कालवला, बाईंचं नाव माहितीच्या पानावर ठेवलं आणि सॉफ्टवेअर कार्यालयांना धाडलं. बाईंची अट त्याने वाचलीच नाही. कशाला वाचायची? नाव पुरतं, असं ताईच म्हणाल्या होत्या.

बाईंचा ईमेल आला. नाव ठेवलंत, आभारी आहे. पण माझा कोड मिसळून केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत, तर तुमचाही सगळा कोड याच अटीवर खुला करून द्यावा लागतो. नाहीतर माझा काढून टाका.

ताईंना घाम फुटला. "अरे, हे विरजण आहे! थेंबभर पडलं की पातेलंभर दुधाचं दही! तात्यांची युक्ती जगजाहीर होईल ना! दुसऱ्याचं आपल्यात मिसळायचं नाही!"

"नाही मिसळत, ताई."

श्रीपतीने दुसऱ्याचं काढायला घेतलं. आधी आलेलं आधी काढावं म्हणून त्याने पहिल्यांदा कॅलेंडर काढलं. कॅलेंडर गेलं आणि एका कार्यालयाने एकाच दिवशी दोन लग्नं घेतली. दोन नवरदेव, दोन घोडे, बोहलं एकच.

"अरे देवा! हेन्रिकचं मिसळलेलं चालतं रे! बाईंचं चालत नाही!" ताई आता रडकुंडीला आल्या होत्या. "नीट ऐक. हेन्रिकचं आत घाल. बाईंचं काढ. कार्यालयांना नवं सॉफ्टवेअर दे. आणि बाईंना कळव, आम्ही तुमची अट पाळली."

या वेळी श्रीपतीने एकेक गोष्ट बोटांवर मोजून केली. हेन्रिक आत. बाई बाहेर. नवं सॉफ्टवेअर रवाना. संध्याकाळी तो हसत हसत आला.

"झालं, ताई. बाईंनाही कळवलं."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तात्यांच्या फोटोला हात जोडले. "वाचवलंस रे बाबा."

"कवठेकरांचाही फोन आला होता, ताई. फार आभार मानत होते."

ताईंचे हात जोडलेलेच राहिले. "कशाबद्दल?"

"आपण अट पाळली ना. सगळा कोड नेटवर ठेवला. कुणीही घ्यावा."

"अरे, पण बाईंचं काढलंस ना? मग कसली अट?"

"काढलं ना, ताई," श्रीपती समजुतीच्या सुरात म्हणाला. "नेटवर ठेवताना हेन्रिकचंही काढलं. दुसऱ्याचं आपण कसं वाटायचं? फक्त तात्यांचं वाटलं."