सगुणाची पिपाणी

पाय पांघरुणात घ्या पाहू आधी. घेतले? आणि ती उशी कुणाची आहे, त्याला देऊन टाका. हं.

एक होतं तळं. एवढं मोठं, की या काठावरून आज हाक मारली तर त्या काठाला उद्या ऐकू जायची. तळ्याकाठी होतं एक गाव, धुकेवाडी. थंडी पडली की तिथे असं धुकं उतरायचं, असं धुकं उतरायचं, की आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही. आणि गावातली माणसं तर रोज होड्या घेऊन मासे धरायला जाणारी. मग ती धुक्यातून परत कशी यायची?

तर गावात होती एक हंसीण. तिचं नाव तुतारी. पांढरीशुभ्र, लांब मानेची, चालायची तर पाटलीणबाईंसारखी डुलत. ती काठावर उभी राहायची, मान वर करायची आणि ओरडायची. की धुकं मधोमध फाटायचं, पडदा सरकवावा तसं! आणि सगळ्या होड्या सरळ घरी.

पण तुतारी झाली म्हातारी. एका उन्हाळ्यात ती गेली. मागे राहिलं एकच अंडं.

ते अंडं सांभाळलं सगुणाने. सगुणाला आई नव्हती, बा होता, होडीवाला. आणि सगुणा भारी दचकरी, बरं का. भांडं पडलं की दचकायची. दार वाजलं की दचकायची. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली होती! हसू नका. आपल्यातही आहेत तशा एकदोघी.

तिने अंडं कापसात ठेवलं, टोपली चुलीजवळ ठेवली. मग एके सकाळी अंडं तडकलं आणि आतून एक पिवळं तोंड म्हणालं, "पीं!" सगुणा दचकली. पिल्लूही दचकलं. त्याने डोळे उघडले तर समोर सगुणा. झालं, त्याला वाटलं हीच माझी आई. सगुणाने पिल्लाचं नाव ठेवलं पिपाणी.

अख्ख्या गावाला काय आनंद! शेवंताकाकू म्हणाली, "लेकराला तेल लावा गं." मग रोज तिळाच्या तेलाने मालिश. पारूआत्या म्हणाली, "शेक-धुरी नको का?" मग रोज ओवा आणि बाळंतशेपा टाकून शेगडीची धुरी. आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून पिपाणीला पाळण्यात निजवायचे. गालाला तीट. तोंडात मऊ भात. धुकेवाडीत तान्ह्या बाळाचं असंच करतात, आणि सगळं सगुणा न चुकता करायची.

आणि पिपाणी आजारी पडली.

आधी तिचे पाय वाकडे झाले. मग पिसं चिकट झाली. मग छातीत घरघर लागली आणि तिने मान टाकली. इकडे थंडी तर तोंडावर आलेली. पिपाणी गेली तर धुक्यात ओरडणार कोण? आणि सगुणाचा बा तर रोज तळ्यात सगळ्यांच्या पुढे जाणारा.

मग सगुणाने टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली.

पहिल्यांदा गेली राजाच्या घोड्यांच्या वैद्याकडे. वैद्य म्हणाला, "हिच्यावर खोगीर बसतं का?"

"नाही हो."

"मग मी नाही बघत."

मग गेली हत्तींच्या वैद्याकडे. त्याने डोळे बारीक करून टोपलीत पाहिलं. "आहे कुठे? बरं, हे घे औषध. दोन घागरी सकाळी, दोन घागरी संध्याकाळी." आता घागरीत अख्खी पिपाणी मावली असती! सगुणा तिथूनही निघाली.

हत्तीखान्यातला म्हातारा माहूत तिच्या मागे आला. म्हणाला, "पोरी, सगळ्या जिवांचं बघते ती एकच. म्हाळसाआजी. तळ्याच्या त्या काठाला."

मग सगुणा चालली. वाटेत एक काळा रेडा आडवा उभा. सगुणा एवढी दचकली, की काट्यातून वळसा घालून गेली. पुढे आला झुलता पूल. तो तिने डोळे मिटून, रांगत रांगत ओलांडला. आणि पलीकडे म्हाळसाआजीचं घर, तर दारात ही रांग! पुढे एक शेळी. तिच्यामागे कान बांधलेला ससा. आणि त्याच्यामागे, पायावर पाय टाकून, वाघ.

मी असते तर टोपली टाकून पळाले असते, खरं सांगते. पण सगुणाने टोपली काही सोडली नाही. ती वाघाच्या मागे उभी राहिली.

वाघाने मागे पाहिलं. त्याचं गालफड भोपळ्याएवढं सुजलेलं. "दाढ," तो म्हणाला. "कुणाला खाईन म्हटलं तरी चावता येत नाही. तुझं काय?"

"माझं... माझं पिल्लू."

वाघाने टोपलीत डोकावलं. मग रांगेला म्हणाला, "सरका रे जरा. लेकरू मान टाकतंय. बये, तू हो पुढे."

म्हाळसाआजी वाळलेल्या खारकेएवढी बारीक. तिने पिपाणीला मांडीवर घेतलं, पिसांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "काय काय केलंस गं हिचं? एकूणएक सांग. लपवशील तर मला औषध सापडायचं नाही."

सगुणाने सगळं सांगितलं. तेल सांगितलं, धुरी सांगितली, दुपटं, पाळणा, भात. सांगता सांगता तिचं तिलाच कळत गेलं आणि ती रडायला लागली. "म्हणजे... मीच का हो आजारी पाडलं तिला?"

"हो," आजी म्हणाली. "पण पायपीट करून इथवर आणलंस तीही तूच. रडू नको, कामाला लाग. अगं, हंसाचं पिल्लू हे. तेलाने पिसं चिकटली, थंडी आत शिरली. धुराने छाती भरली. बांधून ठेवलं म्हणून पाय वाकले. आणि नुसत्या भाताने पायात जोर कुठून येणार?"

मग आजीने रिठ्याचं कोमट पाणी केलं आणि हलक्या हाताने तेल धुतलं. मग उन्हात बसवून पिसं सुकवली. मग कोवळी हरळी बारीक चिरून, चिमूटभर शेंगदाण्याची पेंड घालून भरवली. एक दिवस झाला, पिपाणीने डोळे उघडले. दुसरा दिवस झाला, घरघर थांबली. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली. पडली. परत उभी राहिली.

"आता घरी जा," आजी म्हणाली. "पण उचलायचं नाही हिला. पायांनी चालेल तरच पाय सरळ होतील. तू पुढे, ती मागे. आणि एक ध्यानात ठेव, ती तुझंच बघून शिकते. तू दचकलीस की ती मटकन बसेल."

आली का पंचाईत! सगुणाने आयुष्यात न दचकण्याचं काम कधी केलंच नव्हतं.

पूल आला. करकरला. सगुणा दचकली, पिपाणी मटकन बसली. मग सगुणाने मोठा श्वास घेतला, डोळे उघडे ठेवले आणि चालली. मागून पिपाणी, थप थप थप. पुढे आला रेडा. या वेळी सगुणा वळसा घालून गेली नाही, ती त्याला म्हणाली, "बाजूला हो रे बाबा, आमचं बाळ चालतंय." रेडा बाजूला झाला. थप थप थप. वाकडे पाय वाटेतच सरळ होत गेले, पांढरी पिसं फुटत गेली आणि धुकेवाडीच्या काठाशी पोचेपर्यंत पिपाणीची मान ही एवढी लांब झाली!

आणि बघतात तर काय, तळ्यावर धुकं. त्या थंडीतलं पहिलं. काठावर सगळं गाव उभं, आणि होड्या आत. सगुणाचा बासुद्धा आत.

सगळे पिपाणीकडे बघायला लागले. पिपाणी सगुणाकडे बघायला लागली. तिला कुठे माहीत होतं ओरडायचं कसं? तुतारीला तिने पाहिलंच नव्हतं.

मग सगुणा, ती आपली दचकरी सगुणा, पाण्यात गुडघाभर शिरली, मान वर केली आणि ओरडली, "बा ऽ ऽ ऽ!"

पिपाणीने मान वर केली. तीही ओरडली.

आणि काय तो आवाज! झाडावरची पाखरं उडाली. धुकं इकडून तिकडे टर्रकन फाटलं, आणि मधल्या उजेडात, सगळ्यांच्या पुढे, बाची होडी.

धुकेवाडीत आता पिल्लाला कुणी तेल लावत नाही. पाळण्याचं दुपटं पारूआत्याने नातवाला वापरलं. वाघाची दुखरी दाढ आजीने काढली. आणि सगुणा? ती अजून दचकते बरं का, भांडं पडलं की दचकते. फक्त दचकली तरी चालायची थांबत नाही. तिच्यामागून पिपाणी चालते आणि पिपाणीमागून पाच पिल्लं, थप थप थप. सगळी सुखात आहेत, पोटभर हरळी खातात.

मिटा आता डोळे. बाहेर काही वाजलं तर घाबरू नका. पिपाणीचीच पिल्लं असतील, घरी चालली असतील.