जळोबाला पाहिलेला कासार

फार जुन्या काळी डोंगरउतारावरच्या एका गावात भिवाजी नावाचा कासार राहत होता. गावोगाव फिरून तो बायकांना बांगड्या भरायचा; पण त्याचा खरा जीव चौकशीत. कुठे काही नवल कानावर आलं, की हा निघालाच! चिंचेवर रडणारी हडळ म्हणजे घुबडाची पिल्लं निघाली, दूध पिणाऱ्या दगडाला खालून चीर सापडली. असे कितीतरी शोध त्याने लावले होते. लोक त्याला ‘शोध्या’ म्हणत.

गावाच्या वरच्या अंगाला, दगडमातीचा बांध घालून अडवलेलं भलंमोठं तळं होतं. त्यात जळोबा नावाचा अजस्र प्राणी राहतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची बोलवा होती. त्याच्या डोळ्यांत निखारे आहेत, माथ्यावर मणी आहे, असं जो तो सांगे. स्वतः पाहिलेला मात्र एकही माणूस सापडत नव्हता. भिवाजीने तीन वर्षं, सवड मिळेल तेव्हा, काठावर बैठक मारली. दिसलं काय? बगळे, पाणकावळे आणि एक कुजका ओंडका.

एके दिवशी सकाळी ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. भिवाजी भाकरी खात बसला होता. अचानक बांधाजवळचं पाणी फुगलं, आणि वर आली एक पाठ! काळीभोर, शेवाळलेली, होडीहून लांब! भिवाजीच्या हातातली भाकरी गळून पडली. फुस्स करून श्वास सुटला आणि पाण्याचे तुषार थेट त्याच्या तोंडावर उडाले. तो मोजू लागला. एक, दोन, तीन... वीस मोजेपर्यंत ती पाठ तिथेच होती. मग बांधाला घासून ती हळूच खाली गेली.

भिवाजीने सगळं आपल्या नेहमीच्या शोधांच्या वहीत लिहून काढलं आणि गावाकडे धूम ठोकली.

“पाहिला! मी जळोबा पाहिला!”

बघता बघता पारावर सारा गाव गोळा झाला. पाटील गर्दीतून वाट काढत पुढे आले. “डोळे कसे होते रे? निखाऱ्यासारखे?”

सगळ्यांनी श्वास रोखला होता. शेकडो माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत, हे भिवाजीला पहिल्यांदाच अनुभवायला मिळत होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, “होय पाटील, लालबुंद निखारे!”

एकच गलका झाला. कुणी हात जोडले, कुणी किंचाळलं. “आणि मणी? मणी होता ना?”

भिवाजीने तोंड उघडलं आणि तो थबकला. हातात वही होती. तिच्यात डोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. आजवर आपण ज्यांच्या थापा उघड्या पाडल्या, त्यांच्याच पंगतीत आपण येऊन बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

“थांबा,” तो म्हणाला. “मी आत्ता खोटं बोललो. डोळे मला दिसलेच नाहीत. मणीही नाही. पाहिली ती फक्त पाठ.”

“म्हशीची असेल!” कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले. अर्धी माणसं उठून चालू लागली. भिवाजीचे कान लाजेने तापले. तरी त्याने वही उघडली आणि लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचलं. शेवटी होतं: “तो खाली गेला. लाटा विरल्या. बांधालगत भोवरा राहिला. शंभर मोजले तरी फिरत होता. एक पान आलं, ते आत ओढलं गेलं.”

“काय म्हणालास?” मागून एक खणखणीत आवाज आला. ती होती येसाक्का, पाथरवटाची म्हातारी. नवऱ्याबरोबर आयुष्यभर तिने तोच बांध दुरुस्त केला होता. “पुन्हा वाच बाबा.”

भिवाजीने पुन्हा वाचलं. येसाक्का गर्दी सारत पुढे आली.

“अरे, लाटा विरल्यावर भोवरा राहतोच कसा? पाणी खालून वाट काढतंय! बांध पोखरलाय, पळा!”

सगळे धावत सुटले. बांधाच्या गावाकडच्या अंगाला मनगटाएवढी मातकट धार लागली होती आणि तिच्याबरोबर माती ढासळत होती. आणखी दोन दिवस कुणाला कळलं नसतं, तर अख्खं गाव वाहून गेलं असतं.

“पेंढा आणा! चिकणमाती आणा! दगड मागाहून!” येसाक्का बांधावर उभी राहून हुकूम सोडू लागली. पाटलांनीही डोक्यावर पाटी घेतली. हसणारे, ओरडणारे सगळे चिखलात उतरले. भोवऱ्यात टोपल्यांवर टोपल्या रित्या झाल्या. ऊन कलता कलता भोवरा मंदावला, थांबला. खालची धार बारीक होत होत आटली.

“भोक बुजलं रे, बुजलं!” येसाक्काने आरोळी दिली, आणि चिखलाने माखलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

तेवढ्यात तळ्याच्या मध्यावर पाणी दुभंगलं. एक लांबच लांब रेघ सरसरत पलीकडे गेली.

“शिंगं! मला शिंगं दिसली!”

“शिंगं कसली, शेपटी होती ती!”

पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ते भिवाजीकडे वळले. “तू सांग. काय होतं?”

आता कुणी हसत नव्हतं. सगळे त्याच्या शब्दाची वाट बघत होते.

“इथून मला नुसती लाट दिसली, पाटील,” भिवाजी म्हणाला. त्याचे डोळे लकाकत होते. “पण काय लाट होती हो!”

तात्पर्य: डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगावं, आणि तेवढं मात्र सगळं सांगावं. आपल्याला जे किरकोळ वाटतं, त्यातच दुसऱ्याचा जीव वाचवण्याची खूण असू शकते.