झुंबरनं मनावर घेतलेली कादंबरी

घुंगरवाडी नावाचं एक गाव होतं. गावात शहाणे उदंड. पारावर बसलेला जो तो शहाणाच. भोळा मात्र सगळ्या गावात मिळून एकच, झुंबर गिरणीवाला.

झुंबरला कुणी काही सांगितलं की तो ते तसंच्या तसं करी. एकदा त्याची भामाआत्या शेतावर जाताना म्हणाली, "घराकडं बघ रं बाबा." झुंबरनं अंगणात पाट टाकला आणि दिवसभर घराकडं बघत बसला. मागच्या दारानं शेजारची शेळी आत शिरली आणि परातभर कणीक खाऊन गेली. आत्यानं कपाळ बडवलं. झुंबर म्हणाला, "शेळीकडं बघायचं सांगितलं न्हवतंस."

तर अशा या झुंबरचं मन कांचनवर बसलं. कांचन गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. वडील तात्या, जिभेनं फटकळ. त्यांनी तालुक्याच्या गावी तिच्यासाठी स्थळ बघायला सुरुवात केली होती, आणि ते कानावर आल्यापासून झुंबरला भाकर गोड लागेना. शेवटी त्यानं आत्याजवळ मन मोकळं केलं.

आत्या म्हणाली, "आरं, कांचन वाचणारी पोर. तिला शहाणा नवरा पायजे. दर रविवारी वाचनालयात वाचक मंडळ भरतंय. तिथं जाऊन बस. शहाणी माणसं काय म्हणत्यात ते ऐक, अन् तसं वाग."

"तसंच वागू?"

"तसंच वाग."

आत्यानं इथं जीभ आवरायला हवी होती. पण सांगितलं ते सांगितलं.

मंडळात माणसं मोजकी. निवृत्त झालेले घोलप गुरुजी अध्यक्ष. मग ब्लाउज शिवणाऱ्या शकूमावशी आणि औषधांच्या दुकानाचा सोपान. नव्या पुस्तकाची एकच प्रत यायची, म्हणून कांचन दर रविवारी एक प्रकरण मोठ्यानं वाचायची आणि वाचून झालं की मंडळ त्यावर तुटून पडायचं. झुंबर गेला तेव्हा नुकतीच एक विनोदी कादंबरी सुरू होत होती. नाव 'उजवीकडे सरकव'. त्यात पुण्यातला तन्मय नावाचा पोरगा मोबाईलवर मुली बघतो. फोटो आवडला तर बोटानं उजवीकडे सरकवायचा, नाही आवडला तर डावीकडे. दोघांनीही एकमेकांना उजवीकडे सरकवलं की कॉफी प्यायला भेटायचं.

"अन् आईबाप?" शकूमावशींनी विचारलं.

"त्यांना कुणी सांगतच नाही," कांचन म्हणाली.

"मग पोहे कोण करतं?" झुंबरनं विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, आणि कांचननं पान उलटलं.

पहिल्या प्रकरणात तन्मय एका मुलीला भेटतो आणि कॉफी गार होईपर्यंत स्वतःबद्दलच बोलतो. आपला पगार, आपली व्यायामशाळा, आपले दंड. शेवटी मुलगी वेटरबरोबर गप्पा मारायला लागते.

घोलप गुरुजी चष्मा काढून म्हणाले, "मूर्ख आहे हा! अरे, माणसानं तोंड मिटून समोरच्याचं ऐकावं. ऐकावं आणि मान डोलवावी. हूं नाही की चूं नाही!"

झुंबरनं ते गाठीला बांधलं.

दुसऱ्या दिवशी तात्या दळण घेऊन गिरणीत आले. दळण लावलं आणि गिरणीच्या पट्ट्याकडं पाठ करून गप्पा मारायला लागले. बोलता बोलता मागं सरकले, आणि धोतराचा सोगा पट्ट्यानं धरला. झुंबरला ते दिसलं. पण समोरचा बोलत होता. झुंबरनं तोंड मिटलं आणि मान डोलवली.

"आरं झुंबऱ्या, मला मागनं कोन वढतंय का रं?" तात्यांनी विचारलं.

झुंबरनं मान डोलवली.

"आरं कोन वढतंय? बोल की!"

झुंबरनं आणखी मनापासून मान डोलवली. तोवर पट्ट्यानं आपलं काम केलं. धोतर गरागरा फिरून पिठात गेलं, आणि गिरणीत रांग लावून बसलेल्या बायांसमोर तात्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उभे राहिले. मग तात्या जे बोलले तेही झुंबरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी दुसरं प्रकरण. तन्मय दुसऱ्या मुलीला भेटतो. तिच्या दातात मेथीचं पान अडकलेलं असतं. याला ते दिसतं, पण सांगायची लाज वाटते. ती तशीच हसत हसत नाटकाला जाते, ओळखीच्या चारचौघांत मिरवते, आणि घरी आरशात बघून याला कायमचा डावीकडे सरकवते.

"भित्रा लेकाचा!" सोपान म्हणाला. "दिसलं ना डोळ्यांना? मग तिथल्या तिथं सांगून टाकावं. मोठ्यानं सांगावं. त्यात माणसाचं भलंच होतं."

झुंबरनं कपाळावर हात मारला. "आरं सोपान, हे मागच्या रविवारी का न्हाई सांगितलंस? तात्यांचं धोतर वाचलं असतं की!"

त्याच आठवड्यात तालुक्याचं स्थळ कांचनला बघायला आलं. तात्यांनी घराची शोभा वाढवायला सरपंचांच्या घरचा सोफा आणून ठेवला होता आणि मिशांना कलप लावला होता. नवरा मुलगा पुढ्यात चहा घेऊन बसला होता आणि कांचनला म्हणत होता, "लग्नानंतर हे वाचनबिचन बंद करावं लागेल हं. आमच्याकडं चालत नाही." कांचन जमिनीकडं बघत होती. तिच्या मनात काय चाललंय ते विचारायला कुणी तिथं नव्हतं.

एवढ्यात झुंबर पिठाचा डबा पोचवायला आला. डबा खाली ठेवला, आणि त्याला दिसायला लागलं.

"तात्या!" तो मोठ्यानं म्हणाला. "सरपंचांचा सोफा तुमच्याकडं कसा?"

तात्यांनी डोळे वटारले.

"तात्या, घामानं मिशीचा रंग वघळून हनवटीवर आलाय!"

तात्यांनी हनवटी झाकली. झुंबरला वाटलं, भलं होतंय. त्यानं पाहुण्यांकडं वळून बघितलं आणि त्याला त्यांचंही भलं करावंसं वाटलं.

"पाव्हणं, तुमचं केस डाव्या कानावर सरकल्यात!"

नवऱ्या मुलानं दोन्ही हात डोक्यावर नेले. पण त्यानं चुकीच्या बाजूला ओढलं, आणि केसांचा टोप चहात पडला. पाहुणे चहा न घेताच गेले. घ्यायला तो चहा राहिलाही नव्हता. कांचन आत पळाली आणि ओढणी तोंडात कोंबून इतकी हसली की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

तात्यांनी मात्र झुंबरला उंबऱ्याबाहेर काढलं. "पुन्हा या दारात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!" झुंबर रडवेला होऊन घरी गेला. कांचन हातची गेली, असं त्याला मनोमन वाटलं.

तिसऱ्या रविवारी तन्मयनं एका मुलीच्या बापासमोर भलतंच काहीतरी बोलून टाकलं होतं. मग त्यानं माफी मागितली ती मोबाईलवर, रडक्या तोंडाचं चित्र पाठवून.

शकूमावशींची कात्रीसारखी जीभ चालली. "माफी काय बोटानं मागत्यात? सोताच्या पायानं जावं, फुलं न्यावीत, पायाशी बसावं, अन् डोळ्यांतनं खरं पानी काढावं!"

झुंबरनं कपाळावर हात मारला. "मावशे, हे मागच्या रविवारी का न्हाई सांगितलंस?" आणि तो तसाच उठून फुलवाल्याकडं गेला. त्यानं झेंडूचा सगळ्यांत मोठा हार घेतला.

तात्या अंगणात बाजेवर दुपारची झोप काढत होते. माश्या फार, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढलेली. झुंबरनं हार त्यांच्या छातीवर ठेवला. पायाशी बसला. आणि डोळ्यांतनं खरं पाणी काढायला बसला. ते काढावंच लागलं नाही, आपोआप आलं. "तात्याऽ! माझं चुकलं वो तात्या! आता मी कुनाकडं जाऊ!"

शेजारणीनं कुंपणावरून डोकावून बघितलं. पांढरी चादर, हार, रडणारा माणूस. तिनं बोंब ठोकली. घटकाभरात अंगण भरलं. सोपान तिरडीला कळक घेऊन आला.

तात्या रडण्यानं केव्हाच जागे झाले होते. उठून झुंबरला एक ठेवून द्यायची, असा त्यांचा बेत होता. पण तेवढ्यात कानावर शेजाऱ्याचं बोलणं पडलं. "बाज चांगली हाय. सागवानी दिसती. आता कुनाला देत्याल?" तात्यांनी चादरीखालीच कान टवकारले. दुसरा म्हणाला, "बरं झालं सुटलं. लई फटकळ व्हता." तिसऱ्यानं दहाव्याला जेवायला काय असेल याची चौकशी केली.

आणि या सगळ्यात एकटा झुंबर हमसाहमशी रडत होता. "उठा की वो तात्या! पुन्यांदा शिव्या द्या! तंगडं मोडा! पर उठा!"

चादरीखाली तात्यांनी डोळे पुसले. फटकळ माणसाच्या वाट्याला असं रडणं सहसा येत नाही. ते हारासकट ताडकन उठून बसले. गाव वाट फुटेल तिकडं पळालं. सोपान तर कळक घेऊनच पळाला. जागचा हलला नाही तो झुंबर. त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "तात्या, मग माफ केलंत का?"

एवढ्यात कांचन वाचनालय बंद करून आली. तात्यांनी तिला हाक मारली. म्हणाले, "पोरी, शानी सगळी माझ्या बाजंवर डोळा ठिवून व्हती. रडला त्यो ह्यो येडाच."

कांचन म्हणाली, "तात्या, मला हाच हवा. याला खोटं बोलता येत नाही. आणि हा मला वाचू नको म्हणणार नाही."

झालं. लग्न ठरलं. झुंबरचे पाय जमिनीवर ठरेनात. भामाआत्या गावभर सांगत सुटली, "मी म्हनलं न्हवतं? शान्यांचं ऐक म्हनून!"

लग्न सोमवारचं धरलं. आदल्या दिवशी रविवार, आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण. कांचनला हळद लागलेली, ती घराबाहेर पडू शकत नव्हती. तिला धाकधूक होती. तिनं निरोप धाडला होता, की झुंबरला आज मंडळात बसू देऊ नका. पण निरोप तात्यांकडं दिला, आणि तात्या मांडव घालण्यात तो विसरले. म्हणून झुंबर मंडळात बसलाच, आणि कांचनच्या जागी प्रकरण सोपाननं वाचलं. तन्मयला शेवटी मनाजोगती मुलगी मिळते. दोघं लग्नाला उभे राहतात, हार घालतात, पुस्तक संपतं.

सोपाननं पुस्तक मिटलं आणि घोलप गुरुजींनी नाराजीनं मान हलवली. "चांगल्या कादंबरीची माती केली लेखकानं. लग्न लागलं, पेढे वाटले, संपलं! याला काय शेवट म्हणायचं? ऐन अंतरपाट दूर झाल्यावर नायकानं पाठ फिरवायला हवी होती. मागं वळून न बघता चालत निघून जायला हवं होतं. मग लागली असती वाचकाला हुरहूर! मग राहिलं असतं लक्षात!"

"खरंय," सोपान म्हणाला.

"अगदी!" शकूमावशी म्हणाल्या.

झुंबरनं या खेपेला कपाळावर हात मारला नाही. त्यानं गुरुजींचे पाय धरले. डोळे भरून आले होते त्याचे. "गुरुजी, आजवर सगळं मागनं सांगितलंत. आज पयल्यांदाच येळेवर सांगितलंत!"

गुरुजींना वाटलं, पोराला साहित्य समजायला लागलं.

सोमवारी मांडव खचाखच भरला. वाजंत्री वाजली. मंगलाष्टकं झाली. भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि अंतरपाट दूर झाला. समोर कांचन हार घेऊन उभी. मुंडावळ्यांतून तिनं झुंबरकडं बघितलं आणि हसली. ती इतकी सुरेख दिसत होती की झुंबर क्षणभर गुरुजींचं सांगणं विसरला. तिच्या गळ्यात हार घालावा असं त्याला फार फार वाटलं. पण आपल्यापायी कांचनच्या लग्नाची माती व्हायला नको. तिला चांगलाच शेवट मिळायला हवा. त्यानं पाठ फिरवली आणि हार हातात घेऊन मांडवातून चालता झाला.

वाजंत्री थांबली. अक्षता लोकांच्या मुठीतच राहिल्या. "आरं झुंबऱ्या!" तात्या ओरडले. "कुठं चाललास?" झुंबरनं मागं वळून बघितलं नाही. भामाआत्यानं हंबरडा फोडला. झुंबरनं मागं वळून बघितलं नाही. पहिल्या रांगेत घोलप गुरुजी बसले होते. त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खुर्चीखाली चप्पल शोधायला सुरुवात केली.

झुंबर पुढं, सगळं वऱ्हाड मागं, असं ते गावातून निघालं. ज्याला त्याला हुरहूर. झुंबरला मागून पावलांचा धडधडाट ऐकू येत होता आणि त्याला वाटत होतं, साधलं!

कांचनला मात्र गल्ल्या ठाऊक होत्या. तिनं शालू वर खोचला, कुंभारवाड्यातून आडवाट धरली आणि एसटीच्या थांब्यापाशी झुंबरच्या थेट पुढ्यात येऊन उभी राहिली. श्वास फुललेला, मुंडावळ्या कानामागं, हार हातात.

"कुठं निघालास?" तिनं विचारलं.

"ते मला ठावं न्हाई. नुसतं चालत जायचं सांगितलंय."

कांचननं डोळे मिटले आणि उघडले. "गुरुजी?"

झुंबरनं मान डोलवली. मग हळूच, काळजीच्या सुरात त्यानं विचारलं, "कांचन, खरं सांग. हुरहूर लागली का गं?"

"लागली रे बाबा, लागली," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. तिनं टाचा उंचावल्या आणि हार त्याच्या गळ्यात घातला. मग त्याचे दोन्ही हात धरून त्याच्या हातातला हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. तोवर वऱ्हाड येऊन पोचलं. भटजींनी धापा टाकत उरलेलं म्हटलं, लोकांनी मुठीतल्या अक्षता तिथंच टाकल्या, आणि थांब्यावर एसटीची वाट बघत बसलेल्या चार म्हाताऱ्यांनीही हात उंचावले.

झुंबरचं तोंड मात्र एवढंसं झालं. मागं वळून बघायचं नव्हतं, म्हणून त्यानं समोर बघतच मोठ्यानं हाक दिली, "गुरुजी, मला बोल लावू नका! मी चोख निघालो व्हतो. हिनंच आडवं येऊन माती केली!"